विमानतळावरील लाउंज: स्टेटसचा हक्क आणि कार्डाची परवानगी

विमानतळावरील लाउंजमध्ये प्रवेश मिळवण्याचे, बिझनेस क्लासचे तिकीट काढण्याखेरीज, दोन मुख्य मार्ग प्रवाशासमोर असतात. पहिला मार्ग विमान कंपनीच्या फ्रीक्वेंट फ्लायर योजनेतून, म्हणजे वारंवार उडणाऱ्यांसाठीच्या योजनेतून, मिळणाऱ्या स्टेटसचा (सदस्याच्या वरच्या श्रेणीचा) आणि दुसरा क्रेडिट कार्डाबरोबर येणाऱ्या सवलतीचा. हे दोन्ही मार्ग मी बरीच वर्षे वापरत आलो आहे आणि त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे: स्टेटसने मिळणारा प्रवेश हा बहुतांशी हक्क असतो, तर कार्डाने मिळणारा प्रवेश ही जागा शिल्लक असल्यास दिलेली परवानगी असते. कार्ड विकताना हा फरक कोणी समजावून सांगत नाही, आणि वार्षिक शुल्क भरावे की नाही हे ठरवताना मात्र तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

या फरकाचे मूळ लाउंजच्या अर्थकारणात आहे. काही लाउंज विमान कंपन्या स्वतः चालवतात, तर काही प्लाझा प्रीमियमसारखे स्वतंत्र चालक चालवतात. ज्या कंपनीचे एखाद्या विमानतळावर स्वतःचे लाउंज नसते, ती स्वतंत्र चालकाशी करार करून आपले बिझनेस क्लासचे आणि स्टेटसधारक प्रवासी त्याच्याकडे पाठवते. या करारातील प्रवाशांना सामावून घेतल्यानंतर जी जागा उरते, ती प्रायोरिटी पास, लाउंजकी किंवा ड्रॅगनपास अशा मध्यस्थांमार्फत कार्डधारकांना दिली जाते. कार्डधारक आत गेला की लाउंज त्या भेटीचे पैसे मध्यस्थाकडून घेते आणि मध्यस्थ ते बँकेकडून वसूल करतो. म्हणजे ग्राहकाला मोफत वाटणारी प्रत्येक भेट बँकेच्या खात्यावर खर्च म्हणून पडते. मोफत भेटींवरील मर्यादा, ठरावीक खर्चाची अट, सोबतच्या पाहुण्यांसाठी वेगळे शुल्क, हे सारे नियम याच एका कारणातून आलेले आहेत, आणि पुढेही नियम बदलतील ते याच कारणाने.

स्टेटसकडे आधी वळतो, कारण लाउंजचा इतिहास तेथूनच सुरू होतो. अमेरिकन एअरलाइन्सने 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ॲडमिरल्स क्लब सुरू केला तेव्हा तेथे केवळ निमंत्रितांनाच प्रवेश होता. सदस्यत्व विकत घेण्याची सोय पुष्कळ नंतर आली. त्याच कंपनीने 1981 मध्ये ॲडव्हांटेज ही फ्रीक्वेंट फ्लायर योजना आणली आणि प्रवाशाच्या नियमितपणाला मोजमाप मिळाले. पुढे 1997 मध्ये स्टार अलायन्स, 1999 मध्ये वनवर्ल्ड आणि 2000 मध्ये स्कायटीम या विमान कंपन्यांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि एका कंपनीत मिळवलेले स्टेटस दुसऱ्या कंपनीच्या दारातही चालू लागले. आजच्या प्रवाशाच्या दृष्टीने स्टेटसचे खरे मोल या शेवटच्या बदलात आहे.

मात्र प्रत्येक पायरीवर लाउंज मिळते असे नाही. स्टार अलायन्समध्ये सिल्व्हरला लाउंज नाही, गोल्डला आहे. वनवर्ल्डमध्ये रुबीला नाही, सफायरला बिझनेस लाउंज आणि एमराल्डला त्याखेरीज फर्स्ट क्लासचे लाउंजही आहे. स्कायटीममध्ये एलिटला नाही, एलिट प्लसला आहे, तेही आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तरच. या वरच्या पायऱ्यांवर सोबत एक पाहुणा नेता येतो आणि तिकीट इकॉनॉमीचे असले तरी चालते. मुख्य अट ही की त्या दिवशीचे पुढचे विमान त्याच संघटनेतील कंपनीचे असले पाहिजे. स्टेटसच्या बाजूने बोलताना ही अट पुष्कळदा विसरली जाते. तुमच्याकडे गोल्ड आहे आणि आजचे तिकीट मात्र संघटनेबाहेरच्या स्वस्त कंपनीचे आहे, अशा दिवशी स्टेटसचा लाउंजसाठी काहीही उपयोग होत नाही. ज्याचा प्रवास वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये विखुरलेला आहे, त्याला कार्ड अधिक सोयीचे पडते ते याचसाठी.

आपल्याच देशातील कंपनीची योजना निवडावी, हा सर्रास दिला जाणारा सल्लाही तपासून घ्यावा लागतो. स्टार अलायन्समधील युनायटेड या अमेरिकी कंपनीच्या स्वतःच्या योजनेतील गोल्ड सदस्याला अमेरिकेतील निव्वळ देशांतर्गत प्रवासात युनायटेड क्लब या तिच्या लाउंजमध्ये प्रवेश मिळत नाही. स्टार अलायन्सच्या दुसऱ्या सदस्य कंपनीचे गोल्ड असलेल्या प्रवाशाला मात्र त्याच विमानासाठी त्याच क्लबचे दार उघडते. स्वतःच्या देशातील सदस्यांना क्लबचे सदस्यत्व वेगळे विकता यावे, हा यामागचा व्यवहार. त्यामुळे कोणत्या योजनेत मैल जमा करायचे हे ठरवताना आपण कोठे राहतो याइतकाच आपण कोठे उडतो याचाही विचार करायला हवा.

स्टेटसने मिळणारे लाउंज आणि बिझनेस क्लासच्या तिकिटाने मिळणारे लाउंज एकच असेल, अशी अपेक्षाही ठेवू नये. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल 3 मध्ये स्टार अलायन्समधील इतर कंपन्यांच्या गोल्डधारकांना सिंगापूर एअरलाइन्सच्या सिल्व्हरक्रिस बिझनेस लाउंजऐवजी क्रिसफ्लायर गोल्ड लाउंजमध्ये पाठवले जाते. इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्सचे बिझनेस लाउंज वेगळे आणि स्टेटसधारकांचे माइल्स अँड स्माइल्स लाउंज वेगळे आहे. दोहा येथे इकॉनॉमीच्या तिकिटावर प्रवास करणाऱ्या सफायर सदस्याला कतार एअरवेजचे अल मुर्जान हे बिझनेस लाउंज मिळत नाही. लुफ्तान्झाकडे चित्र नेमके उलटे आहे: तेथे गोल्डधारकाला सिनेटर लाउंज मिळते, जे साध्या बिझनेस लाउंजच्या एक पायरी वरचे मानले जाते. एखाद्या कंपनीची दारे स्टेटसधारकांसाठी कितपत मोकळी आहेत यावरून तिच्या योजनेची पारख करावी, असे मला वाटते, आणि या कसोटीवर लुफ्तान्झाला मी अधिक गुण देईन. उलट दिशेची सूचनाही येथेच देतो: बिझनेस क्लासच्या काही स्वस्त भाड्यांमध्ये लाउंज मुळीच समाविष्ट नसते. एमिरेट्स आणि कतार एअरवेज या दोन्ही कंपन्यांनी अशी भाडी आणलेली आहेत.

स्टेटस मिळवण्याची किंमत मात्र वाढत चालली आहे. पूर्वी उडालेल्या अंतरावर ते ठरत असे. आता मोठ्या कंपन्या ते मुख्यतः खर्चावर ठरवतात. युनायटेडने 2020 मध्ये, डेल्टाने 2024 मध्ये आणि ब्रिटिश एअरवेजने एप्रिल 2025 मध्ये हा बदल केला. अमेरिकन एअरलाइन्सने 2022 पासून सहयोगी कार्डावरील, म्हणजे बँकेबरोबर मिळून काढलेल्या आपल्या नावाच्या क्रेडिट कार्डावरील, खर्चही स्टेटससाठी थेट धरायला सुरुवात केली, त्यामुळे तेथे स्टेटस आणि कार्ड यांच्यातील सीमारेषाच पुसट झाली आहे. कार्यालयाच्या खर्चाने वारंवार फिरणाऱ्या माणसाकडे स्टेटस ओघाने येते आणि ते त्याने अवश्य जपावे. परंतु वर्षाच्या अखेरीस थोडे गुण कमी पडतात म्हणून केवळ लाउंजसाठी गरज नसलेला प्रवास करणे मला पटत नाही. त्या एका जादा प्रवासाच्या तिकिटात वर्षभराच्या लाउंजभेटी थेट विकत घेता येतात.

तरीही स्टेटसचा एक लाभ असा आहे, जो कोणत्याही कार्डाने सहसा मिळत नाही, आणि लाउंजविषयीच्या चर्चेत त्याला हवे तेवढे महत्त्व दिले जात नाही. विमान कंपनीच्या स्वतःच्या लाउंजमध्ये तिकिटांचे काम पाहणारे कर्मचारी बसलेले असतात. वादळामुळे विमान रद्द होते, बाहेर सेवाकक्षासमोर शेकडो प्रवाशांची रांग लागते, त्या वेळी आतल्या टेबलावर चार माणसे उभी असतात आणि तेथील कर्मचारी संगणकावर पर्यायी विमाने पाहत असतो, मागच्या विमानात प्रतीक्षायादीत नाव घालून ठेवतो, भागीदार कंपनीच्या विमानात जागा आहे का ते तपासतो आणि नवा बोर्डिंग पास छापून हातात देतो. पर्यायी विमानांतील मोजक्या जागा जो आधी टेबलापर्यंत पोहोचतो त्याला मिळतात. स्वतंत्र लाउंजमधील कर्मचारी कितीही तत्पर असले तरी विमान कंपनीच्या आरक्षण-यंत्रणेत त्यांना काही करता येत नाही. ते सहानुभूतीने बाहेरच्या रांगेकडे बोट दाखवू शकतात, इतकेच. खाणे, वायफाय आणि आरामखुर्ची हे सर्व दोन्हीकडे मिळते. ज्याला जोडविमाने पकडत प्रवास करावा लागतो, त्याच्यासाठी लाउंजचा मुख्य उपयोग तिकिटाच्या या मदतीचा आहे असे मी अनुभवाने म्हणतो.

आता कार्डाचा मार्ग. प्रायोरिटी पास 1992 मध्ये सुरू झाला आणि आज त्याच्या यादीत 1,500 हून अधिक ठिकाणे आहेत. कार्डांच्या जाहिरातीत हाच आकडा ठळकपणे छापलेला असतो, परंतु प्रवाशाने त्याकडे दुर्लक्ष केलेले बरे. त्या आकड्यात लाउंजखेरीज उपाहारगृहे आणि झोपण्याच्या छोट्या खोल्याही मोजलेल्या असतात, आणि काही बँकांच्या सदस्यत्वातून उपाहारगृहे वगळलेली असतात. आपल्याला उपयोग होतो तो आपण नेहमी जातो त्या तीन-चार विमानतळांवरील ठिकाणांचा, आणि तेथेही नेमक्या टर्मिनलचा. विमानतळाच्या नावापुढे लाउंज दिसते, पण ते दुसऱ्या टर्मिनलमध्ये असते. किंवा ते सुरक्षा तपासणीच्या अलीकडे असते, म्हणजे आत बसून पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. किंवा ते आंतरराष्ट्रीय बाजूला असते आणि आपले विमान देशांतर्गत असते. कार्डासाठी अर्ज करण्याआधी मध्यस्थाच्या ॲपमध्ये आपली टर्मिनले उघडून उघडण्या-मिटण्याच्या वेळा वाचाव्यात. पहाटेच्या विमानाने जाणाऱ्याला सकाळी उघडणारे लाउंज काय कामाचे?

कार्ड हाती आले म्हणजे सवलत सुरू झाली असेही नसते. पुष्कळ बँकांमध्ये लाउंज-सदस्यत्वासाठी वेगळी नोंदणी करावी लागते, आणि ती झाल्याशिवाय केवळ क्रेडिट कार्ड दाखवून उपयोग होत नाही. काही योजनांमध्ये उलट क्रेडिट कार्डच यंत्रात घालून तपासले जाते. काही ठिकाणी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला असला तरच प्रवेश मिळतो. पुरवणी कार्डधारकाला स्वतःच्या भेटी मिळतात की मुख्य कार्डाच्या भेटींतून त्या वजा होतात, हा प्रश्न लेखी विचारून घ्यावा. दूरध्वनीवर मिळणाऱ्या उत्तरावर विसंबू नये.

दारातील प्रत्यक्ष व्यवहार थोडा बारकाईने सांगतो, कारण तक्रारी तेथेच जन्म घेतात. स्वागतकक्षातील कर्मचारी आधी बोर्डिंग पास स्कॅन करतो, मग कार्ड किंवा मोबाइलवरील क्यूआर कोड. दोन्हींवरील नाव जुळावे लागते. त्यानंतर छोटी पावती किंवा सहीसाठी पडदा पुढे येतो. त्या पावतीवर तारखेच्या खाली पाहुण्यांच्या संख्येचा एक रकाना असतो आणि सही करताना तेवढाच एक आकडा काळजीपूर्वक वाचावा. एका लाउंजमध्ये मी एकटा असताना माझ्या नावावर एक पाहुणा नोंदवला गेला आणि पुढच्या विवरणपत्रात त्याचे शुल्क आले. बँकेने प्रथम दाद दिली नाही. पावतीचे छायाचित्र आणि बोर्डिंग पास पाठवल्यावर, पुष्कळ पत्रव्यवहारानंतर, ती रक्कम परत मिळाली. त्यामुळे विवरणपत्र येईपर्यंत दोन्ही कागद जपून ठेवावेत. मुलांच्या बाबतीत प्रत्येक लाउंजचा नियम निराळा असतो: तान्ह्या मुलाला बहुधा मोफत सोडतात, मोठ्या मुलाला पूर्ण पाहुणा धरतात. चौघांच्या कुटुंबाने एका कार्डाच्या भरवशावर जाऊ नये.

कार्डाच्या मार्गातील सर्वांत मोठा दोष गर्दीचा आहे. संध्याकाळी लांब पल्ल्याची विमाने सुटण्याच्या सुमारास लाउंजच्या दारात एक फलक उभा केलेला दिसतो: क्षमता संपल्यामुळे कार्डधारकांना तूर्त प्रवेश नाही. त्याच वेळी बिझनेस क्लासचे आणि स्टेटसचे प्रवासी त्या फलकाला वळसा घालून आत जात असतात. यात लाउंजचा नियमभंग नाही, कारण जागेच्या उपलब्धतेची अट मध्यस्थाच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेली असते. तरीही भरघोस वार्षिक शुल्क भरलेल्या माणसाला ती अट प्रथमच दारात कळावी, ही बँकांच्या विक्रीपद्धतीतील उणीव आहे आणि ती मला मनापासून खटकते. काही ठिकाणी थोडे जादा शुल्क भरून आधी जागा राखून ठेवता येते. गर्दीच्या वेळी प्रवास असेल तर ही सोय वापरण्याजोगी आहे. शिवाय बहुतेक लाउंज विमान सुटण्याच्या सुमारे 3 तास आधीपासूनच प्रवेश देतात, त्यामुळे दिवसभराच्या लांब थांब्यात एकाच लाउंजवर विसंबता येत नाही.

गर्दीवर उपाय म्हणून नियम कसे कडक होत गेले, याची अमेरिकेतील उदाहरणे बोलकी आहेत. अमेरिकन एक्सप्रेसने 2013 मध्ये लास वेगासला पहिले सेंच्युरियन लाउंज उघडले. त्या वेळी सोबत पाहुणे मोफत नेता येत. फेब्रुवारी 2023 पासून तेथील प्लॅटिनम कार्डधारकाला वर्षाला 75,000 डॉलर खर्च केल्याखेरीज मोफत पाहुणा नेता येत नाही. डेल्टाने सप्टेंबर 2023 मध्ये कार्डधारकांच्या स्काय क्लब या आपल्या लाउंजमधील भेटींवर मर्यादा जाहीर केली, त्यावर प्रवासी इतके नाराज झाले की पुढच्याच महिन्यात कंपनीला ती सैल करावी लागली. अखेर फेब्रुवारी 2025 पासून वर्षाला अमेरिकन एक्सप्रेसच्या प्लॅटिनम कार्डावर 10 आणि डेल्टाच्या रिझर्व्ह कार्डावर 15 भेटी अशी व्यवस्था लागू झाली. 24 तासांत कितीही क्लबमध्ये गेलात तरी ती एकच भेट धरली जाते, हा त्यातील चांगला भाग. कॅपिटल वन या बँकेनेही फेब्रुवारी 2026 पासून व्हेंचर एक्स कार्डावरील मोफत पाहुण्यांची सवलत मोठ्या खर्चाच्या अटीला बांधली आहे. या सर्वांत आधी पाहुण्यांची सवलत जाते आणि मग भेटींची संख्या घटते. ज्या कार्डात आज पाहुणे मोफत आहेत, ते कार्ड पुढील पाच वर्षांचा हिशेब मांडून घेऊ नये. पुढील एका वर्षाचाच मांडावा.

बँकांनी स्वतःची लाउंजे उभारण्यास सुरुवात केली, हे मात्र मी स्वागतार्ह मानतो. सेंच्युरियन, कॅपिटल वन आणि चेस बँकेच्या सफायर कार्डाच्या लाउंजमध्ये कार्डधारक हाच मुख्य ग्राहक असतो, उरलेल्या जागेवर बसवलेला प्रवासी नसतो, आणि खाण्यापासून बसण्याच्या व्यवस्थेपर्यंत तो फरक जाणवतो. अडचण इतकीच की अशी लाउंजे मोजक्या मोठ्या विमानतळांवरच आहेत आणि त्यांच्या दारातही रांगा लागतात.

कोणी काय घ्यावे, याविषयी माझे मत असे आहे. एकाच संघटनेच्या विमानांनी सतत फिरणाऱ्याने गोल्ड किंवा सफायर स्टेटसपर्यंत पोहोचावे आणि लाउंजसाठी वेगळे कार्ड घेऊ नये. वेगवेगळ्या कंपन्यांनी, बहुधा एकट्याने आणि गर्दी नसलेल्या वेळी प्रवास करणाऱ्यास कार्ड चांगले उपयोगी पडते, परंतु त्याने कार्डाच्या इतर लाभांनी वार्षिक शुल्क भरून निघते का ते आधी पाहावे आणि लाउंज ही वरची जमेची बाजू समजावी. दोन्ही एकत्र बाळगणे उपयोगाचे ठरते ते संघटनेबाहेरच्या विमानाच्या दिवशी. वर्षातून एखाद-दुसरा लांबचा प्रवास करणाऱ्याला मात्र यांपैकी काहीच लागत नाही. अनेक स्वतंत्र लाउंज आपल्या संकेतस्थळावर एका भेटीचे शुल्क घेऊन ठरावीक वेळेची जागा राखून देतात, आणि अशा आरक्षणावर आलेल्या प्रवाशाला बहुतेक ठिकाणी क्षमता संपल्याच्या त्या फलकापाशी थांबावे लागत नाही.